तोलाची नसलेली जोड

ज्या कुस्तीने मला कोचिंग परत पहिल्यापासून शिकायला लावलं ती २८ सेकंद चालली. म्हणजे घड्याळ २ मिनिटांवरून १ मिनिट ३२ वर आलं आणि रेफ्रीने मॅटवर हात आपटला, संपलं. माझा पठ्ठा उठला, हात मिळवला, माझ्या कॉर्नरला आला आणि रडला वगैरे नाही, फक्त विचारलं, "सर, मला करायचं काय होतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरंच नव्हतं.

आधी थोडं सांगतो, मी काही नावाजलेला पैलवान नाही. दहा-बारा वर्षं खेळलो, मेडल मोजायला एक हात पुरतो, गुडघा गेला तेव्हा शिकवायला लागलो. सात वर्षं झाली. माझ्याकडे दहा ते सतरा वयाची पोरं-पोरी येतात आणि त्यातली बरीचशी साधी आहेत, म्हणजे मेहनती पण साधी. त्यामुळे स्पर्धेत आमची जोड बऱ्याचदा तोलाची नसते. कधी समोरचा फार भारी निघतो आणि कधीकधी, हे आम्ही कुणाला सांगत नाही, पण आमचंच पोरगं फार भारी निघतं. दोन्हीकडे मी भरपूर चुका केल्यात म्हणून लिहितोय.

तर त्या २८ सेकंदांबद्दल. पोरगं १३ वर्षांचं. अंडर-१५ गट हा तसा १४-१५ वर्षांच्या पोरांचा, पण मेडिकल सर्टिफिकेट आणि आईवडिलांची लेखी परवानगी असेल तर १३ वाल्यालाही खेळता येतं. आम्ही दोन्ही कागद जोडले, वजन बरोबर भरलं, मी खूश. ड्रॉ लागला आणि समोर आला एक पंधराचा, ओठावर मिशी फुटलेली, मान आणि खांदा यात फरकच दिसत नाही असा. वजन दोघांचं सारखंच. काटा किलो सांगतो, पोरगं कितपत वाढलंय ते सांगत नाही. त्या वयात दीड-दोन वर्षांचा फरक म्हणजे एक मुलगा आणि एक जवळजवळ पुरुष, आणि वर त्या दुसऱ्याची चार वर्षं जास्तीची प्रॅक्टिस.

मी काय केलं? जे माझ्या कोचने माझ्या बाबतीत केलं होतं तेच. खांद्यावर हात टाकला आणि म्हणालो, घाबरू नको, तो पण माणूसच आहे, त्याला पण दोनच हात आहेत. मग सुरू झालो, खाली वाक, कोपर आत ठेव, डोकं वर, पायाला हात लावू देऊ नको, पहिला हल्ला तूच कर, मध्यातच राहा, श्वास सोडत राहा. सात गोष्टी. नंतर घरी बसून मोजल्या. सात! मॅटवर जाताजाता, ज्या पोराला आपल्या बुटाची लेस बांधलीय का नाही तेही आठवत नव्हतं त्याला.

आणि "तो पण माणूसच आहे" हे तर सगळ्यात वाईट. पोरगं आंधळं थोडीच आहे, त्याने वॉर्मअपमध्ये त्या मिशीवाल्याला आपल्या जोडीदाराला कंबरेतून उचलताना बघितलं होतं. मी खोटं बोलतोय हे त्याला कळलं आणि एकदा कळलं की पुढच्या सात गोष्टीही खोट्याच. याच्या उलटं वाक्यही मी बरीच वर्षं वापरलंय, "हरलास तरी चालेल रे, अनुभव मिळेल". आपल्याला वाटतं आपण टेन्शन कमी करतोय. पोरगं ऐकतं की सरांनी आत्ताच हात टेकले.

त्या दिवसानंतर दोन आठवडे मी काही नवीन केलं नाही, फक्त प्रत्येक पोराला एकच विचारत सुटलो, तुझ्यापेक्षा खूप भारी मल्ल समोर आला तर पहिल्या दहा सेकंदात तू काय करशील? उत्तरं अशी, "जोर लावीन", "डिफेन्स करीन", "सर सांगतील ते करीन". एका पोरीने सांगितलं, "डोळे मिटीन". सगळे हसले, मीही हसलो, पण प्रामाणिक उत्तर तेवढं एकच होतं.

मग मी वही घेऊन बसलो. या वयात फ्रीस्टाइल कुस्ती दोन-दोन मिनिटांचे दोन राउंड आणि मध्ये ३० सेकंद विश्रांती, म्हणजे एकूण ४ मिनिटं. त्यात हरायचे मुख्य रस्ते तीन. एक, चितपट, दोन्ही खांदे टेकले की खेळ खलास. दोन, १० पॉइंटचा फरक पडला की रेफ्री थांबवतो. तीन, पूर्ण वेळ खेळून पॉइंटवर. माझ्या पोरांच्या डोक्यात हे तिन्ही एकच होते, हरणं म्हणजे हरणं. पण भारी मल्लासमोर या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जो २८ सेकंदात पाठीवर गेला त्याला त्या कुस्तीतून काहीच मिळालं नाही, मारही नाही आणि शहाणपणही नाही. जो ४ मिनिटं उभा राहून ७-२ ने हरला त्याला त्या भारी मल्लाचा हात, वजन, दम, सवयी सगळं अंगावर कळलं. आणि दुसरी गोष्ट, भारी मल्लाला ४ मिनिटं खेळायची सवय बऱ्याचदा नसते, तो रोज एका मिनिटात घरी जाणारा असतो. तिसऱ्या मिनिटाला त्याचं तोंड उघडं पडलेलं मी कितीदा बघितलंय.

म्हणून मी पायऱ्या ठरवल्या. पाठीवर जायचं नाही, हे पहिलं. मग पहिला राउंड काढायचा. मग एक पॉइंट, कसलाही, बाहेर ढकलल्याचा १ का असेना. त्याच्यापुढे जमलं तर जिंकायचं. ही गोष्ट एका वडिलांनी ऐकली आणि प्रॅक्टिस संपल्यावर मला गाठलं, "सर, तुम्ही पोरांना हरायला शिकवताय का?" मी म्हणालो, नाही हो, लवकर न हरायला शिकवतोय. त्यांना पटलं नाही. पुढचे दोन महिने ते रोज बाकावर बसून माझ्याकडे संशयाने बघायचे, पोरगं मात्र पाठवत राहिले, तेवढं बरं.

आता खरं काम, प्रॅक्टिस. आमच्याकडे लढतीच्या जोड्या लावताना नेहमी तोलामोलाच्या लावायचो कारण त्यात दोघांनाही मजा येते. पण मग बेतोल जोड पहिल्यांदा कधी भेटणार, तर थेट स्पर्धेत! तिथे तर पोरगं गोठणारच. म्हणून आठवड्यातून दोन दिवस मुद्दाम वाकड्या जोड्या लावायला लागलो. पण सरळ भिडवलं तर बारकं पोरगं नुसतं आपटत राहतं आणि शिकत काहीच नाही, शिवाय दुखापतीची भीती. म्हणून भारी पोराला बंधनं. तू फक्त डावा पाय घ्यायचास. तू फक्त खाली बसवून मागे जायचंस, उचलायचं नाही. तू एका हाताने त्याचं मनगट सोडायचंच नाहीस. गंमत म्हणजे या बंधनांनी भारी पोरांचाच जास्त फायदा झाला. एरवी जोरावर सगळं उरकणारा आमचा थोराड पोरगा पहिल्यांदा पायांचा विचार करायला लागला.

आणि दुसरं, बिघडलेल्या जागेवरून सुरुवात. शिट्टी वाजायच्या आधीच समोरच्याने तुझा एकेरी पट धरलेला आहे, तुझा एक पाय हवेत, आता ३० सेकंद वाच. किंवा तू पालथा आहेस, त्याने कमरेला मिठी मारलीय आणि भारंदाज फिरवायच्या तयारीत आहे, १५ सेकंद फिरू नको. किंवा तू आधीच ब्रिजवर आहेस, म्हणजे पाठ टेकू नये म्हणून डोकं आणि पायांवर कमान करून. पोरांना सुरुवातीला हे अजिबात आवडलं नाही, "सर हे तर हरल्यासारखंच झालं की". पण महिनाभराने एक बदल दिसला. पाय पकडला गेला की चेहऱ्यावर जो "गेलं" असा भाव यायचा तो कमी झाला. कारण तिथे ते आधी शंभर वेळा जाऊन आले होते. भीती बहुतेक वेळा समोरच्या माणसाची नसतेच, पट लागल्यावर पुढे काय करायचं ते माहीत नसतं त्याची असते, असं माझं मत झालंय. पुस्तकात वाचलेलं नाही, बघून झालंय.

बेतोल म्हणजे तरी काय, हे पण पोरांना वेगवेगळं करून सांगावं लागलं. कुणी उंच असतो, लांब हातांचा, त्याच्यापासून लांब राहिलं की तो लांबूनच मानेवर हात टाकून खेचतो, म्हणून उलट त्याच्या हातांच्या आत शिरायचं, त्याचा दंड आतून धरायचा. कुणी बुटका आणि ठोकळ्यासारखा, त्याच्यासमोर ताठ उभं राहिलं की तो गुडघ्याखालून पाय घेऊन जातो. हे सोपे प्रकार, दोन-तीन दिवसांत समजतात.

ताकदीचा फरक मात्र समजावायला मला वर्ष लागलं. पोरांची समजूत अशी की ताकदवान माणसाला ताकदीने थोपवायचं. मी एकदा माझ्या सगळ्यात बारक्या पोराला, त्याच २८ सेकंदवाल्याला, थोराड पोरासमोर उभं केलं आणि सांगितलं की काही डाव मारायचा नाही, फक्त हातांची खडाखडी कर आणि मला बघू दे. बघितलं तर काय, थोराडाने मानेवर हात टाकला की बारका दोन्ही हातांनी तो हात उपटायला बघायचा. दोन्ही हात वर! म्हणजे कोपरं फाकली, बरगड्या उघड्या, आणि खाली दोन्ही पाय ताटात वाढून ठेवल्यासारखे. थोराडाने काही विशेष करायचीच गरज नव्हती.

मग आम्ही पंधरा दिवस फक्त त्या एका हातावर काम केलं. मानेवर हात आला की हाताशी भांडायचं नाही. हनुवटी खाली, आपलं डोकं त्याच्या कानाशी चिकटवायचं, एका हाताने त्याचं कोपर खालून धरायचं आणि वर ढकलून त्या बगलेखालून बाहेर पडायचं, आणि हे सगळं उभ्याउभ्या नाही, पाय हलते ठेवून, त्याच्या त्या भारी हाताच्या बाहेरच्या बाजूला सरकत. तो ढकलतोय ना, ढकलू दे, तू अर्धं पाऊल दे आणि त्याचं वजन पुढच्या पायावर आलं की मान खाली खेचून मागे जा. ताकदवान माणूस ढकलतो तेव्हा तो स्वतःच पुढे झुकलेला असतो, त्याला खाली पाडायला तुला निम्माच जोर लागतो. हे तोंडाने सांगून कळत नाही. एका संध्याकाळी बारक्याने पाऊल मागे घेतलं, खेचलं, आणि थोराड दोन्ही तळहातांवर धपकन मॅटवर. बारका इतका चकित झाला की मागे जाऊन ताबा घ्यायचंच विसरला, तसाच उभा. मी ओरडलो, अरे जा ना मागे! तोवर थोराड उठून हसत होता. पण ते पाडणं त्याला सापडलं ते सापडलं.

नावाचा फरक हा अजून एक प्रकार, आणि तो सगळ्यात वाईट. समोरच्याने गेल्या वर्षी गोल्ड घेतलंय एवढं कळलं की आमची पोरं वॉर्मअपमध्येच अर्धी होतात. यासाठी मी मोबाइलवर कुस्त्या दाखवायला लागलो. सुरुवात केली २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकच्या ग्रीको-रोमन (पायाला हात न लावता, कमरेच्या वरच खेळायची कुस्ती) फायनलने, १३० किलो, अलेक्झांडर कॅरेलिन विरुद्ध रुलॉन गार्डनर. कॅरेलिन तेरा वर्षं आंतरराष्ट्रीय कुस्ती हरला नव्हता आणि त्या दिवशी १-० ने हरला, दुसऱ्या राउंडला दोघांनी एकमेकांना कव घातली असताना त्याच्या हातांची पकड सुटली म्हणून गार्डनरला मिळालेल्या त्या एका पॉइंटवर. मला वाटलं पोरं थक्क होतील. पोरं कंटाळली. "सर यात काहीच होत नाहीये." बरोबर आहे, पोरांना काहीच झालेलं दिसत नाही, आणि भारी माणसाला काहीच करू न देणं हाच तर त्या दिवशी गार्डनरचा डाव होता, पण तेरा वर्षांच्या पोराला ते कसं दिसणार.

मग २०२४ च्या पॅरिसची, ५० किलोची, विनेश फोगाट विरुद्ध जपानची युई सुसाकी दाखवली. ही मात्र काळजाला भिडली. सुसाकी टोकियोची गोल्ड मेडलिस्ट, तिथे तिने अख्ख्या स्पर्धेत एकही पॉइंट दिला नव्हता आणि परदेशी मल्लाकडून ती हरलेलीच नव्हती. मी व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवला. बघा, स्कोअर ०-२ आहे, पण हे २ कुठून आलेत? डावाचे नाहीत, विनेशने पुरेसे हल्ले केले नाहीत म्हणून पॅसिव्हिटीचे एकेक करून गेलेत. म्हणजे जवळजवळ सगळी कुस्ती सुसाकीला तिचा पाय मिळालेला नाही. आणि शेवटच्या काही सेकंदांत विनेशने ताबा घेतला, २-२. इथे एका पोरीने विचारलं, मग बरोबरी ना? नाही, बरोबरी झाली की ज्याचा मोठा पॉइंट तो पुढे, तिच्याकडे २ चा एक आहे, सुसाकीकडे १-१ असे दोन. जपानने चॅलेंज केलं, म्हणजे निर्णय परत तपासायला लावला, ते फसलं म्हणून अजून १ मिळाला, ३-२. हा हिशोब पोरांनी इतका डोक्यात घेतला की पुढचे काही दिवस प्रॅक्टिसमध्ये लढत बरोबरीत सुटली की आपसात वकिली सुरू.

आता माझी पुढची चूक, जी या सगळ्यातूनच निघाली. "पाठीवर जायचं नाही, पाय द्यायचा नाही" हे पोरांच्या डोक्यात इतकं बसलं की ती खेळायचीच बंद झाली. एका स्पर्धेत माझी चार पोरं लागोपाठ पॅसिव्हिटीत अडकली. पहिल्यांदा तोंडी ताकीद, मग ३० सेकंदांचं घड्याळ, त्यात कुणालाच पॉइंट निघाला नाही की समोरच्याला १. चौघंही कंबर वाकवून, हात पुढे करून, मागे मागे सरकत, शेवटी बाहेर पाऊल पडून अजून १. शेजारच्या कॉर्नरचा कोच मला म्हणाला, "काय हो, तुमच्याकडे खेकडे ट्रेन करता का?" मला राग आला पण पोरं चालत होती खरी तशीच.

चूक पोरांची नव्हती. मी त्यांना काय करायचं नाही हेच दिलं होतं, काय करायचं ते दिलंच नव्हतं. म्हणजे त्या पहिल्या प्रश्नावर मी परत आलो, सर मला करायचं काय होतं. तेव्हापासून प्रत्येकाला एक आणि एकच हल्ला त्याचा स्वतःचा ठरवून दिला. बारक्याचा तो खेचून मागे जायचा. एका पोरीचा एकेरी पट, पण गुडघ्याखालून, अगदी घोट्याजवळ. आणि नियम असा की समोर कुणीही असो, ३० सेकंदात एकदा तो खरा मारायचा, दाखवायला नाही. फसला तर फसला, परत उभं राहा. कॉर्नरमधून मी आता फक्त दोन शब्द ओरडतो, "मध्ये!" आणि "तुझा!". मध्ये म्हणजे कडेला जाऊ नको, तुझा म्हणजे तुझा हल्ला मार. बाकी तोंड बंद. हे मला स्वतःला फार जड गेलं, कधीकधी तोंडावर टॉवेल धरून बसतो.

आता दुसरी बाजू, आपलं पोरगं भारी असण्याची. याबद्दल कुणी बोलत नाही कारण लोकांना वाटतं त्यात शिकवायचं काय, जिंकणारच आहे की. माझ्याकडे एक पोरगी आहे, खरोखर गुणी, अंगात लवचिकता आणि डोक्यात खोड्या. तिच्यासमोर एकदा पहिल्याच स्पर्धेला आलेली एक नवखी पोरगी आली. आमचीने पहिल्या मिनिटात ६ पॉइंट घेतले. नंतर तिला मजा यायला लागली. ताबा घ्यायची, सोडून द्यायची, परत उठू द्यायची, माझ्याकडे बघून हसायची. ८-०. एक ताबा अजून आणि कुस्ती संपली असती. त्याऐवजी तिने कधी न मारलेला एक उचलून टाकायचा डाव काढला, जो तिने बहुतेक मोबाइलवर बघितला होता. नवखी पोरगी घाबरून जे हाताला लागलं ते कवटाळून बसली, आमचीची मान आणि एक हात, आणि दोघी पडल्या. वर ती, खाली आमची. चितपट. नवख्या पोरीला रेफ्रीने हात वर केला तेव्हासुद्धा आपण जिंकलोय हे कळलं नव्हतं.

आमची तासभर बाथरूममध्ये. मी तिला रागावलो नाही कारण ती ८-० पर्यंत हसत होती तेव्हा मीही हसत होतो, ही खरी गोष्ट आहे. माझा टॉवेल तोंडावर होता पण हसायला.

तेव्हापासून भारी पोरांसाठी एक नियम, समोरचा नवखा आहे म्हणून खेळ बदलायचा नाही. जो डाव तोलामोलाच्या मल्लावर मारतोस तोच मार, स्वच्छ मार, लवकर संपव. लवकर संपवणं हा त्याचा अपमान नाही, खेळवत ठेवणं हा अपमान आहे. आणि हळू म्हणजे सुरक्षित असंही नाही, उलट नवखं पोरगं कसं पडेल, हात कुठे टेकवेल याचा नेम नसतो, त्याला पडायचंच शिकवलेलं नसतं. म्हणून उंचावरून फेकायचं नाही, खाली बसवून फिरव, पॉइंट तेवढेच मिळतात. समोरून किंवा बाजूने डबल नेल्सन, म्हणजे दोन्ही हातांनी मान दाबायची पकड, तर या वयात नियमातच बसत नाही, पण मी त्याच्या पलीकडे सांगतो, मानेशी खेळ करायचाच नाही. सगळ्या पोरांनी ऐकलं असं नाही. एकजण अजूनही स्कोअर मोठा झाला की प्रेक्षकांकडे बघतो. त्याच्यावर काम चालू आहे.

आणि हेही लिहायला हवं, कधीकधी जोड इतकी बेतोल असते की खेळवूच नये. मागच्या वर्षी एका पोराचा खांदा पहिल्या कुस्तीत दुखावला, दुसरी लगेच लागलेली, समोर फार भारी पोरगा. मी नाव मागे घेतलं. पोरगं माझ्याशी चार दिवस बोललं नाही, घरच्यांनी पण विचारलं की एवढा प्रवास करून आणलं ते कशाला. कधी थांबवायचं याचा माझ्याकडे फॉर्म्युला नाही. पोरगं हरेल म्हणून मी कधी मागे घेत नाही, पण ते स्वतःचं डोकं आणि मान सांभाळू शकणार नाही असं वाटलं तर घेतो. असं वाटणं चुकूही शकतं.

बरं, तो बारका. दुसऱ्या वर्षी त्याची आणि त्या मिशीवाल्याची गाठ पडणार नव्हतीच, तो वरच्या गटात गेला. पण तसलाच एक दुसरा भेटला, मागच्या स्पर्धेचा गोल्डवाला. मी फक्त विचारलं, पहिल्या दहा सेकंदात काय? तो म्हणाला, "त्याचा उजवा हात मानेवर येणार, मी डोकं कानाशी लावणार, बाहेर सरकणार." आणि मग? "मग माझा." गेला. पहिल्याच मिनिटात ४ पॉइंट गेले, एकदा तर जवळजवळ पाठीवर, ब्रिज करून फिरला. राउंड संपला तेव्हा ०-६. मधल्या ३० सेकंदांत मी पाणी दिलं आणि म्हणालो, तो धापा टाकतोय बघ. त्याने मान वळवून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या राउंडला दोनदा खेचलं, पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा गोल्डवाला दोन्ही हातांवर आला आणि बारका या वेळी मागे गेला. २-६. शेवटी २-७ ने हरला. त्याचे वडील, हो, तेच बाकावरचे, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अजून एक मिनिट असतं तर घेतला असता त्याने." मी म्हणालो, नसता घेतला हो. पण ते ऐकायच्या मूडमध्ये नव्हते.

आता तो पंधराचा झालाय, एका वर्षात एवढा वाढला की त्याला बारका म्हणायला लाज वाटते, आवाज फुटलाय, ओठावर मिशी आलीय. गेल्या महिन्यात ड्रॉमध्ये त्याच्यासमोर एक तेराचं पोरगं आलं, हडकुळं, सिंगलेट खांद्यावरून सरकत असलेलं. हा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, थोडा वेळ खेळू देऊ का त्याला?" मी म्हणालो, नाही. नेहमीसारखं. त्याने ५० सेकंदात १०-० केलं, एकदाही न उचलता. हात मिळवून झाल्यावर मी बघतो तर हा वॉर्मअपच्या मॅटवर त्या हडकुळ्याला घेऊन उभा, त्याच्या मानेवर स्वतःचा हात टाकून दाखवतोय की तू दोन्ही हात वर नेतोस ना, ते नेऊ नको, कोपर धर, हे असं. त्या पोराचा कोच माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.